मधल्या खांबावरचा हात

गिरोदा आमच्या गावची खाटीक. नवरा मेल्यावर तिनेच सत्तूर हातात घेतला आणि खरं सांगायचं तर ती त्याच्यापेक्षा साफ कापायची. तोंडाने फटकळ, मापाला चोख. आर्नो आणि एमरिक हे दोन मुलगे म्हणजे तिचा जीव की प्राण.

आमच्या चर्चच्या दारात मधोमध दगडी खांब आहे. एकमेकांची नरडी फोडणारी जनावरं त्यावर खालपासून वरपर्यंत कोरलेली. ज्याचा हात या खांबाला लागलेला, त्याच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही, मग तो खुनी का असेना. पोरांना चालायला लागल्यापासून हेच शिकवतात.

जत्रेत दारूच्या भरात भांडण जुंपलं आणि गोसेल्म चांभाराने आर्नोच्या पोटात रापी खुपसली. आतडी हातात धरून पोरगा आईच्या दुकानापर्यंत आला आणि उंबऱ्यावरच त्याने जीव सोडला. गोसेल्म पळत जाऊन खांबाला चिकटला. गाव जमलं, पण पुढे कोण होणार?

गिरोदा सत्तूर घेऊनच आली.

"बाई, हात दगडावर आहे त्याचा," पाद्रीबाबा म्हणाले.

"हातच आहे ना? हात देवाचा. बाकीचा माझा."

पहिल्या घावात मनगट तुटलं, दुसऱ्यात मान. बोटं खांबावरच्या दगडी सिंहाच्या आयाळीत तशीच अडकून राहिली. लोक चक्क हसले. गुत्त्यात वर्षभर तिचंच वाक्य चघळलं. निर्लज्ज मेले!

पुढच्या द्राक्षतोडणीला गोसेल्मच्या दोघा भावांनी एमरिकला मळ्यात गाठलं. त्याने एकाचा गळा कोयतीने चिरला आणि जीव घेऊन चर्चकडे पळाला. दुसरा, रातिये, कुऱ्हाड घेऊन मागे.

गिरोदा पोचली तेव्हा एमरिकने खांबाला घट्ट मिठी मारली होती.

"रातिये, बाबा, हात आहेत त्याचे दगडावर," ती म्हणाली.

रातियेने धाप आवरली. "दोन्ही आहेत ना, मावशी? दोन्ही देवाला."

आमच्यातलं कुणी हललं नाही. गिरोदा मुलावर झेपावली आणि त्याची बोटं दगडावरून उपसू लागली.

"सोड रे, पळ!"

"अगं आई, सोड मला," एमरिक म्हणाला. "इथे मला कोण हात लावतंय?"

आणि त्याने मिठी आणखी आवळली.