कावळा आला नाही, दादा

काल भुजंगदादांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही.

म्हणजे पैज मी जिंकलो.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना दादा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी एसटीत कंडक्टर. सकाळची वाशिम-हिंगोली गाडी माझी. दादा कनेरगाव नाक्याला चढायचे आणि हिंगोलीच्या मार्केटमध्ये हळद मोजायला जायचे. मापारी होते. घरची थोडी शेतीही होती. माझ्याहून वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे.

माझ्या शेजारची सीट त्यांची. रिझर्व्हेशन वगैरे काही नाही, निव्वळ दादागिरी.

चढले की ते मला जयभीम घालायचे, मी त्यांना रामराम. हे उलटं कधी सुरू झालं आठवत नाही. झालं ते तसंच राहिलं.

तिकिटं काढून मी सीटवर टेकलो की दादांचा प्रश्न तयार.

माणूस मेल्यावर जातो कुठं?

चांगल्या माणसालाच तकलीफ काहून?

देव हाय, तर गप काहून बसला?

सकाळच्या गाडीत! लोक बिचारे मांडीवर डबे घेऊन अर्धवट झोपेत असायचे. पण हळूहळू अख्खी गाडी त्यात पडायची. कॉलेजच्या पोरी कानातले इअरफोन काढून भांडायच्या. ड्रायव्हर आरशातून मत द्यायचा, तेव्हा मात्र आम्ही सगळे मिळून त्याला रस्त्याकडे बघायला लावायचो.

एकदा दवाखान्यात आईला डबा घेऊन निघालेल्या एका माणसानं मागून विचारलं, "मंग माझी माय कुठं जाईल?"  दादा उठले आणि त्याला खिडकीची जागा दिली.

मी बौद्ध घरातला. माझं म्हणणं सरळ होतं, आत्मा-बित्मा काही नाही. दिवा विझल्यावर ज्योत कुठं गेली असं विचारू नये. दादांना ते अजिबात पटायचं नाही. म्हणायचे, "जिंदगी मापं घालण्यात गेली माझी. काट्यावर येत न्हाई ते नसतंच, असं म्या तरी म्हणणार न्हाई."

तेवढ्यात हिंगोली स्टँड यायचं. "उरलेलं उद्या," म्हणत दादा उतरायचे.

गेल्या उन्हाळ्यात गाडीत कुणाच्या तरी दहाव्याला निघालेली माणसं होती, त्यावरून विषय निघाला. मी म्हणालो, कावळा शिवतो तो भुकेनं. दादा भडकले.

"ठरलं मंग. मी आधी गेलो तर माझ्या दहाव्याला यायचं. कावळा शिवला तर मी खरा. न्हाई शिवला तर तू."

आणि मी आधी गेलो तर? आमच्यात दहावा नसतो, हे सांगितल्यावर दादा विचारात पडले.

"म्हंजे मरायचं बी मीच? हे बराबर न्हाई."

अख्खी गाडी हसली. मीही हसलो.

दहा-अकरा दिवसांपूर्वी घरची हळद शिजत असताना दादा पाणी प्यायला म्हणून खाली बसले ते उठलेच नाहीत. मला कळलं ते नाक्यावर. गाडी नेहमीसारखी थांबली आणि दादांऐवजी त्यांचा पुतण्या दारात आला. "काका गेले," म्हणाला. मागं माणसं चढत होती. मी तिकिटं काढत राहिलो. कुणाला कुठलं दिलं देव जाणे.

काल रजा टाकून नदीवर गेलो. पिंड ठेवला, माणसं मागं सरली. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. पुतण्यानं हात जोडून काकूला सांभाळायचा शब्द दिला. लेकीनं वावर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढत चाललं.

मग वहिनी माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी, त्यायचं तुमच्यापाशीच काही राहिलं असंल. बोला की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय बोलणार, आणि कुणाशी? हे असलं मानायचं नाही असं पोरीला शिकवलंय मी. पण वहिनींच्या तोंडाकडं बघवेना.

पुढं गेलो. हात जोडले.

"दादा, वाद अर्धा राह्यलाय. पुढचं बोलू आपण. या."

खरं सांगतो, त्या वेळी मला हरायचं होतं. कुठल्याच माणसाची मी एवढी वाट बघितली नसेल. एक कावळा उतरला असता तर चारचौघांत कान धरले असते.

नाही उतरला.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी गेली.

जिंकलो. सांगू कुणाला?

आज ड्युटीवर होतो. नाका गेला आणि एकदम डोक्यात आलं. दादांच्या मतानं कावळा कधी शिवत नाही? मेलेल्याची इच्छा अडकली असेल तेव्हा. आणि इच्छा अडकायला माणूस कुठंतरी असावा लागतो की! म्हणजे कावळा आला असता तरी दादा खरे, नाही आला तरी दादाच खरे. एवढी गाडीभर माणसं, पण पैज लागताना हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. का दादांच्या आलं होतं?

लगेच दुसरं मन म्हणालं, आधी तिथं आणखी एक दहावा झाला होता, पोटं भरली असतील कावळ्यांची.

हिंगोलीपर्यंत दोन्ही बाजूंनी मी एकटाच भांडत होतो. स्टँड आलं तरी मिटलं नाही.

दादा, मी अजून मानत नाही. पण तुम्ही कुठंच नाही, हेही मला आता छातीठोकपणे म्हणता येईना. हे काय करून ठेवलंत?

आज नाक्यावर मला जयभीम घालायला कुणी नव्हतं. माझा मात्र राहायला नको.

रामराम, दादा. उरलेलं उद्या.