झाकणातली पहिली धार

माझी थोरली बहीण गाईचं दूध काढायला बसली की प्रत्येक सडाची पहिली धार एका काळ्या झाकणात घेते आणि निरखून बघते. मागच्या वेताला या गाईची कास दगडासारखी सुजली आणि एक सड कायमचा आटला. तेव्हापासूनची ही सवय.

परवा मी शेजारी उभी असताना एका सडाच्या धारेत, झाकणात बारीक गुठळ्या दिसल्या.

"कास तर मऊच आहे की," मी म्हणाले.

"मऊ आहे तोवरच कळायला हवं," ताई म्हणाली आणि तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या सडाचं दूध सगळ्यात शेवटी काढून तिने गोठ्यापासून लांब ओतलं, हात साबणाने धुतले. डॉक्टर सडात औषध सोडताना गाय लाथा झाडत होती. ताई तिची मान खाजवत हळूहळू बोलत राहिली.

बोलत्या माणसांची दुखणीही सुरुवातीला अशीच बारीक दिसत असतील. रोज इतक्या जवळून बघणारं कुणीतरी हवं.

औषधाचे दिवस संपले, दूध स्वच्छ उतरू लागलं. ताईने वासराला सोडलं. ते नेमकं त्याच सडाला लागलं, आणि गाय जराही हलली नाही.