काचेच्या तीन पट्ट्या

आबांना एका जागी पाच मिनिटं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. महाडच्या आमच्या बँकेत ते आले की शिपाई खुर्ची पुढे करायचा आणि आबा त्या खुर्चीमागची भिंत तपासत उभे. बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, दोन पावलं सरकून पुन्हा ठोकायचे. नवीन ग्राहकाला वाटायचं, या म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

ते वरंधचे गवंडी. जांभ्या दगडाचं आणि चुन्याचं जुनं काम जाणणारे आमच्या भागात तेवढेच उरले होते. आमची इमारत त्याच कामाची, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. पुढे तीन कमानींचा व्हरांडा, हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. जोतं इतकं उंच की रस्त्यावरून सात पायऱ्या चढाव्या लागतात. "बांदनाऱ्याला सावित्रीचा पूर म्हाईत होता," आबा म्हणायचे. "ह्यातला चुना माज्या आज्यानं बैलाच्या घानीत मळलाय, बाय." मी तिथली साधी कारकून, पोलादपूरची, पण मला ते हे दर वेळी नव्याने सांगत.

मोठ्या पुरात पाणी त्या सात पायऱ्या चढून आत आलं. नंतर कुणीतरी घाईने भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. आबा तेव्हापासून अस्वस्थ होते. "आतली वल जानार कुठनं? भिंतीचा श्वास कोंडलाय. सिमेंट काडा." कोणी ऐकलं नाही. दोन वर्षांत मागच्या खोलीत, जिथे माझं टेबल होतं, तिथे भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग पडली. इंजिनीअर म्हणाले, सगळी इमारत पाडा.

आबा मॅनेजरांपुढे हात जोडून उभे राहिले. "सायब, येक पावसाळा द्या. भिंत थांबलीय का चालतेय ते बगू. ही पावसाळा काडंल, मी सांगतो." त्यांनी भेगेवर आडव्या, काचेच्या तीन पातळ पट्ट्या बसवल्या. भिंत हलली तर काच तडकणार. मग रोज सकाळी मला फोन. माझी विचारपूस नाही, काही नाही. "काच कशी हाय गो?" मी म्हणायचे, "आहे तशीच आहे, आबा." तरी दिवसाआड ते स्वतः येऊन बघून जात.

श्रावणात एका शुक्रवारी ते आले, तेव्हा मधली पट्टी तडकलेली होती. सकाळी मी नीट पाहिलंच नव्हतं. इंजिनीअर सोमवारी यायचे होते. आबांचा चेहरा बघवेना. मी हळूच म्हटलं, "दुसरी काच लावू या का? कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "आनि तू बसनार हितंच?"

ते थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. "सायब, मागल्या खोलीतली मानसं भायेर काडा. उद्या नाय, आता." मॅनेजर इंजिनीअरांना फोन लावू लागले, तर आबांनी स्वतःच माझं टेबल ओढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. रविवारी दिवसभर कोसळणाऱ्या पावसात ती भिंत पडली. टेबल होतं तिथे दगडांचा ढीग होता.

सगळे आबांचं कौतुक करत होते. बँकेने सत्कार ठरवला. ते आले नाहीत. मी वरंधला त्यांच्या घरी गेले, तर अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "आबा, तुमच्यामुळे आम्ही वाचलो."

"तुमी वाचलात, बरं झालं," ते म्हणाले. "पन पावसाळा काडंल म्हनून मीच सांगितलेलं ना? चुकलो मी." आणखी एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "म्होरला भाग अजून धड हाय. त्याचं तरी सिमेंट काडा, बाय. सायबांना तू सांग."

मी सांगितलं. एकदा नाही, महिनाभर सांगत राहिले. शेवटी मॅनेजरांनी होकार दिला आणि इंजिनीअरही पाडायचा हट्ट सोडून देखरेखीला उभे राहिले. काम सुरू व्हायच्या आधीच, त्याच हिवाळ्यात आबा गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघांनी पुढच्या भिंती मोकळ्या करून चुन्याने लिंपल्या.

यंदा पाऊस बेफाम झाला. कमानींच्या आतल्या भिंतीला मी रोज हात लावून बघत होते. ती शेवटपर्यंत कोरडी राहिली. हे ज्यांना सांगायचं, तेच नव्हते.