सातचे निरोप कोणी बंद केले?

आज सोमवार, सकाळी सात वाजता आपल्या रेडिओ केंद्रावर ऊसतोडीला गेलेल्यांनी घरच्यांसाठी कळवलेल्या निरोपांऐवजी सिनेमाची गाणी लागली.

शेजारच्या सुभद्राबाई रेडिओ कानाशी धरून बसल्या होत्या. त्यांची गरोदर लेक तोडीवर आहे आणि यांच्याकडे फोन नाही.

दुष्काळात टँकरच्या वेळा सांगायला दूध संघाने हे केंद्र काढलं. मग एका संस्थेने घेतलं आणि शेतीसल्ला सुरू केला. आता शहरातली कंपनी आली. निरोपांना आजवर कोणी हात लावला नव्हता.

मी केंद्रावर फोन केला. नवे व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आता फॉरमॅट बदललाय."

"खुशाल बदला. निरोप तुमच्या मालकीचे नाहीत."

तासाभराने तिथल्या जुन्या निवेदिकेचा फोन आला. निरोपांची वही तिने टाकली नव्हती. "फोन सुभद्रामावशींना द्या," ती म्हणाली आणि वहीतून वाचलं, "मावशी, नात झाली. दोघी बऱ्या हायेत."

सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, आता बाकीच्यांचं बी वाचाया लावा."

लावणारच. तुमच्या गावात कोण ऐकतं, खाली लिहा. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टरांनी मला तोंडी सबब ऐकून घ्यायला शिकवलं नाही. निरोप कधीपासून सुरू करता, हे कंपनीने शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं.