छ्यामिस्त्री आणि एरंडेलाची मोटार

मिस्त्री इंजिनातलं तेल चाखायचे. चाखायचे म्हणजे खरोखर जिभेला लावायचे. कुणी जुनं ऑइल इंजिन पाहायला नेलं की आधी धुराच्या नळीत बोट घालायचे, आतली काजळी नाकाशी न्यायचे, मग तेच बोट खालच्या तेलात बुडवून जिभेच्या टोकाला लावायचे आणि पचकन बाजूला थुंकायचे. मग सगळा चेहरा आंबट करून म्हणायचे, "छ्या!" तो 'छ्या' लांब की आखूड, यावर नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंतची माणसं इंजिन घ्यायचं की सोडायचं ते ठरवायची. मी मात्र दर वेळी तोंड फिरवायचो. बरं, मी काही तेव्हा लहान नव्हतो. चांगला तिशीला टेकलेला, पुण्याच्या कारखान्यात स्टोअरला नोकरी करणारा गडी होतो.

त्यांना सगळे मागे 'छ्यामिस्त्री' म्हणत, तोंडावर नुसतं 'मिस्त्री'. आमच्या गावच्या फाट्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये पाऊल टाकलं की जळकं तेल, तंबाखू आणि ओल्या चिंध्या यांचा असा काही वास यायचा की कपडे दोरीवर दोन दिवस वाळत घातले तरी जात नसे. नखं कायमची काळी. त्याच हातांनी ते भाकरी मोडायचे आणि निम्मी माझ्यापुढे धरायचे. "घे, लाजतोस काय?" म्हणायचे. मी लाजत नव्हतो, मला किळस यायची. भाकरीवर बोटांचे पाची ठसे उमटलेले असायचे. तरी मी दर शनिवारी एसटीतून उतरलो की घरी वरव्याला जाण्याआधी तिथंच जाऊन बसायचो. का, ते मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं.

त्यांच्या तोंडाला कधी गोड काही लागलंच नसावं, असं वाटे. "जुनं घ्यायचं तर आधी धन्याकडं बघावं, मग इंजानाकडं," असं ते म्हणत. "रंगवलेलं इंजान आन् पावडर फासलेला नवरदेव, दोनी उन्हात बघावं," हेही त्यांचंच. वेल्ह्याकडच्या एका शेतकऱ्याबरोबर ते एकदा इंजिन पाहायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. इंजिनाला नुकताच हिरवा रंग दिलेला, आवाज गुळगुळीत, विकणारा हात जोडून उभा. मिस्त्रींनी तेल जिभेला लावलं, जीभ टाळूवर घासली आणि थांबले. आतल्या खडखडाटाचा आवाज बसावा म्हणून त्या माणसानं तेलात लाकडाचा भुसा कालवला होता. मिस्त्री तीनदा थुंकले. मग त्यांनी शेतकऱ्याचं कोपर धरून त्याला बाहेर काढलं. रस्ताभर पुटपुटत होते, "तेलाची घाण न्हाई वाटत रं मला. माणसाची वाटती." तेव्हा मला कळलं, त्यांची शिसारी आणि माझी शिसारी एक नव्हती.

आता त्या मोटारीचं सांगतो. आमच्या कारखान्यातले एक साहेब निवृत्त होऊन पानशेतला धरणाच्या कडेला घर बांधून राहिले होते. परदेशात असताना त्यांनी दोन खेळण्यातल्या मोटारी आणलेल्या. खेळण्यातल्या म्हणायच्या, पण हातभर लांब, आणि आत खरोखरचं इंजिन, लिंबाएवढं. हातात एक डबा धरायचा, त्याला लांब तार, आणि डब्यावरच्या दांड्या हलवल्या की मोटार पन्नास पावलांवर जाऊन वळून परत यायची, मध्ये ना दोरी ना वायर. त्यांतली एक साहेबांना विकायची होती. मला ती हवी होती. शर्यतीबिर्यतीला नाही, रविवारी गावाबाहेरच्या डांबरी तुकड्यावर आपली फिरवायला. आई म्हणाली, "तिशीत खेळणं घेतोस? लोक तोंडात शेण घालतील." तिचं बरोबर होतं, तरी मला ती हवीच होती.

मिस्त्री आधी येईनात. "खेळण्यात माझं काय काम? बाजारात जा, शिट्टी घे." मी म्हणालो, आत पिस्टन आहे. "खरा?" खरा. दुसऱ्या रविवारी ते धुतलेला लेंगा घालून फाट्यावर माझ्या आधी हजर. स्वारगेटला एसटी बदलून आम्ही पानशेतला निघालो. वळणावळणाच्या रस्त्यानं पुढच्या बाकावरच्या बाई उलट्या करायला लागल्या, मी नाकाला रुमाल लावला. मिस्त्री खिडकीतून डोकं बाहेर काढून एसटीच्या धुराचा वास घेत होते. "पंपात बिघाड हाय," एवढंच म्हणाले.

साहेबांनी व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून दोन्ही गाड्या मांडल्या होत्या, एक तांबडी, एक निळी. मिस्त्री उकिडवे बसले. धुराच्या नळीत बोट जाईना, म्हणून त्यांनी काडेपेटीतली काडी घातली, तिच्यावर आलेला चिकट तपकिरी थेंब पाहिला, आणि सवयीनं जिभेला लावला. पुढच्या क्षणी ते व्हरांड्याच्या कठड्यावर वाकले होते. "एरंडेल!" ते ओरडले. "अवो साहेब, हे इंजान हाय का जुलाबाची बाटली?" साहेब हसू लागले. या इंजिनांना पेट्रोल चालत नाही, स्पिरिटात एरंडेल मिसळून घालावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. मला हसू आलं नाही. लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेला तो चमचा घशात पुन्हा उभा राहिला. गाडीवर सगळीकडे त्याच तेलाचा साका वाळून बसला होता, हात लावावा तिथं बोट चिकटायचं.

मिस्त्रींनी चूळ भरली आणि पुन्हा बसले. निळ्या गाडीच्या पोटाशी असलेलं इंजिनाचं चाक अंगठ्यानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. मग तांबडीचं. अर्धं फिरलं, आणि पिस्टन वरच्या टोकाला गेला तसं अडकलं. जोर दिल्यावर कुईं आवाज करून सुटलं. पुन्हा तेच.

"नव्यासारख्या इंजिनात ते तसंच असतं," साहेब म्हणाले. "वर जरा घट्ट लागतं."

मिस्त्रींनी मान डोलावली, माझं कोपर धरलं आणि मला पायऱ्यांखाली नेलं. "इकणारा हेच म्हणतो," ते हळूच म्हणाले. "चाळीस वर्सं ऐकतोय म्या. 'तसंच असतं.' जाम हाय ती. साहेब माणूस बरा हाय, पर इकाय बसला की बामन न्हाई, मराठा न्हाई, निस्ता इकणारा. निळी घे." मी निळी घेतली.

निळी गाडी दोन मिनिटं पळायची. झकास पळायची. मग इंजिन तापलं की फुस्स करून थांबायची, आणि गार होईपर्यंत काही केल्या सुरू व्हायची नाही. मी रविवारच्या रविवार एरंडेलानं माखलेले हात घेऊन डांबरी रस्त्यावर उकिडवा बसायचो. अंगाला तो वास, शर्टाला तो वास. आई ताट दुरून सरकवायची. शेडमध्ये गेलो की मिस्त्री विचारायचे, "पळती का?" मी सांगायचो, "एकदम झकास." त्या वेळी पंपांचा हंगाम, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून ते पाहायला आले नाहीत.

महिन्याभरानं मी निळी बरोबर घेऊन तेल आणायला पानशेतला गेलो. साहेब अंगणात तांबडी पळवत होते, थांबायचं नाव नाही. त्यांनी माझी निळी हातात घेतली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "मी त्या दिवशी सांगितलं होतं, पण तुमचे मिस्त्री ऐकेनात." या चिमुकल्या इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो, ते वरच्या टोकाला मुद्दाम निमुळतं ठेवतात. गार असताना तिथं अडकतं. तापलं की नळकांडं पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि दोन्ही अगदी नेमकी बसतात. गार असताना लोण्यासारखं फिरतं ते झिजून गेलेलं. साहेब भला माणूस, म्हणाले, "ही ठेवा इथं, तांबडी घेऊन जा. मला काय, मी बागेतच फिरवतो."

पुढचं डोकं माझं. वरची पत्र्याची खोळ चार स्क्रूंनी निघत होती. मी तांबडीची खोळ काढून निळीची तिच्यावर चढवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रींचं नाव राहील, मला गाडी मिळेल, कुणाचं काय बिघडलं? घरी येताना एसटीत मी स्वतःवर खूश होतो. आज ते आठवलं की स्वतःचीच ओकारी येते.

त्यानंतर चार महिने गेले. चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी फाट्यावरच्या मंडळींनी आग्रह केला आणि मी गाडी नेली. शेडसमोरच्या डांबरीवर ती अशी पळाली की चहाचे कप हातात धरून माणसं उभी राहिली. "मिस्त्रींची निवड हाय, मग!" कुणीतरी म्हणालं. मिस्त्री शेडच्या दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही मुरड नव्हती, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेल संपून गाडी थांबली. मंडळी चहाला बसली. अर्ध्या तासानं वेल्ह्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले. दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर इंजिन पाहायला चला, असं मिस्त्रींना सांगायला आले होते, जन्माची पुंजी त्यात घालणार होते. त्यांनी गाडी पाहिली नव्हती. "मिस्त्री, तुमी निवडल्याली मोटार आमाला बी दावा की," ते म्हणाले.

"थांबा, म्याच चालू करतो," म्हणत मिस्त्रींनी गाडी उचलली. मी पुढे झालो, पण उशीर झाला होता. त्यांनी अंगठ्यानं चाक फिरवलं. वरच्या टोकाला ते अडकलं. पुन्हा फिरवलं. कुईं. मिस्त्रींनी खोळीचे स्क्रू पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गप्प बसतील. चारचौघांत कोण बोलेल?

"ही म्या निवडल्याली न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्या जाम म्हणून टाकल्याली ही. म्या निवडल्याली दुसरी. हुकलो म्या." मग त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे वळून म्हणाले, "उद्या येतो म्या. पर तिथं इंजान दोन तास चालवून बगू, तापवून बगू. निस्त्या माझ्या छ्यावर घिऊ नका." शेतकऱ्यानं मान हलवली. मिस्त्री माझ्या चपलेशेजारी थुंकले आणि शेडमध्ये गेले. मी किती वर्षं ती थुंकी पाहत आलो होतो, पण ती कधी माझ्यासाठी नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ते आमच्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. आईनं पाट दिला, ते पायरीवरच बसले. "आण ती," म्हणाले. मी गाडी आणली. खोळ आता तांबडीच होती, मधल्या दिवसांत पानशेतला जाऊन मी ती बदलून आणली होती. त्यांनी मला ती सुरू करायला लावली, तापेपर्यंत चालवायला लावली, मग बंद करून तापलेल्या चाकाला अंगठा लावला. मोकळं फिरलं. गार होईपर्यंत मांडीवर घेऊन बसले. पुन्हा फिरवलं. अडकलं. "कारण सांग," ते म्हणाले. साहेबांनी मला सांगितलं होतं ते मी सगळं सांगितलं, निमुळतं नळकांडं, फुगणं, नेमकं बसणं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. डोळे मिटून ऐकत होते आणि अंगठा चाकावर मागे-पुढे चालू होता.

"लई हुशार माणूस, ज्यानं केलं त्यो," शेवटी म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाबद्दल असं मी कधी ऐकलं नव्हतं.

मला धीर आला. मी म्हणालो, "मिस्त्री, तुमची लाज राखावी म्हणून मी ते केलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

त्यांचा चेहरा पुन्हा तसाच आंबट झाला. "माझी लाज? चाळीस वर्सं ह्याच्यात घातली म्या. येक नवी गोष्ट व्हती ह्या जगात इंजानाची, ती तुला ठाव व्हती आन् मला न्हवती. दर शनवारी समोर बसून तू माझी भाकरी खाल्लीस आन् सांगितलं न्हाईस." गाडी त्यांनी हळूच पायरीवर ठेवली. "चार म्हैने, बाळू. माझ्याकडं आता म्हैने किती ऱ्हायल्यात?"

मी पाणी आणायला आत गेलो, बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते. मिस्त्री त्याच आषाढात गेले.