बंबाची माणसं

त्या दुपारी आम्ही दोघांनी ओट्यावर बसून दिव्यांच्या काचा पुसल्या. एकत्र केलेलं शेवटचं काम तेच. मी म्युनिसिपालटीचा दिवाबत्तीवाला होतो. पनवेलच्या गल्ल्यांतले रॉकेलचे दिवे तिन्हीसांजेला लावायचे, पहाटे विझवायचे. माझा पंजा काचेत शिरायचा नाही, बायकोचा शिरायचा. म्हणून काचा तिच्या, वाती माझ्या. राखेनं घासून तिनं एक काच उन्हात धरली.

"अवो, तोंड दिसतंय का तुमचं?"

"दिसतंय."

"मंग दाढी करा. भात कापलेल्या शेतावानी दिसताव."

"माझी काय वरात काढायची हाय?"

"वरात नाय, पन लोकांच्या दारात जाताव ना," ती म्हणाली. मी उद्यावर टाकलं. शिडी उचलली आणि निघालो.

आता बंबाचं सांगतो. आगीचा बंब पालिकेनं घेतला, पण त्याच्यासाठी वेगळी माणसं नेमली नव्हती. दिवाबत्तीवाले आहेत की, घंटा वाजली की धावतील, असं ठरलं. सगळ्यांना ही हुशारी वाटली. आम्हालाही वाटली. एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. चुली पेटतात दिवेलागणीला, आग लागते ती बहुतेक चुलीतूनच, आणि नेमके त्याच वेळी आम्ही बंबवाले शिड्या घेऊन गावाच्या चार टोकांना.

त्या संध्याकाळी आमच्याच आळीत ठिणगी पेंढ्याला लागली. घंटा वाजली तेव्हा मी खाडीकडच्या अंगाला शिडीवर होतो. धावलो. बाकीचेही आपापल्या टोकांहून धावले. चौघं जमून बंब ओढत आळीत पोचलो, तोवर आमच्या शेजारच्या घराचं छप्पर खाली बसलं होतं. तिथली म्हातारी अंथरुणाला खिळलेली. माझ्या बायकोनं तिला उंबऱ्याबाहेर ढकललं. म्हातारी वाचली, ही आत राहिली.

लोक म्हणाले, देवी होती हो. मला देवी नको होती. बायको पाहिजे होती.

तेरावं झालं आणि मी परत शिडी खांद्यावर घेतली. रडायला घर होतं, ते मी घरी केलं. बाहेर एकच धरलं: बंबापाशी बसून राहतील, ज्यांना दुसरं काम नसेल, अशी माणसं पाहिजेत. ते ठरणार पालिकेच्या सभेत. सभेत मला कोण बोलू देणार? पण मेंबरांच्या दारापुढचे दिवे माझ्याकडे होते.

भाताच्या गिरणीचे शेठ मेंबर होते. संध्याकाळी ओटीवर झोपाळ्यावर बसायचे. मी शिडीवर चढायचो आणि वरूनच विचारायचो, "शेठ, बंबाच्या माणसांचं काय?"

"अरे, खाली उतरून बोल!"

"खाली उतरलो की तुम्ही आत जाता."

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. शेठ चिडले. "आग काय रोज लागते? पगार मात्र रोजचा. माणसं नुसती बसून खातील."

"खाऊ द्या की बसून."

"आणि मी नाही म्हटलं तर? माझा दिवा लावणार नाहीस?"

"लावणार, शेठ. रोज लावणार आणि रोज विचारणार."

तसंच केलं. पावसातसुद्धा चुकवलं नाही.

लाकडाच्या वखारीचे चाचा दुसरे मेंबर. ते म्हणाले, "अरे मियाँ, माझी तर सगळी लकडीच लकडी. मी हात वर करणारच. पण पैसा कुठून आणायचा, ते बोल." मी दिवा लावला आणि पुढे गेलो.

सभेच्या दिवशी मी मागे दाराची चौकट धरून उभा राहिलो. शेठ म्हणाले, "स्वयंसेवक नेमा. गावची पोरं आहेत की."

चाचा म्हणाले, "धुळवडीला तुमचे स्वयंसेवक कुठे पडलेले असतात, शेठ, ते साऱ्या गावाला मालूम आहे."

हशा पिकला. मला हसू आलं नाही. मग चाचांनीच तळ्याकाठच्या बागेत बांधायच्या कारंज्याचा विषय काढला. त्यासाठी पैसे बाजूला काढलेले होते. ते बंबाच्या माणसांना द्या, म्हणाले. अध्यक्ष कुरकुरले. कारंज्यानं गावाला शोभा येईल, बाहेरची माणसं बघायला येतील, असं त्यांचं म्हणणं. बोलणं इकडून तिकडे, तिकडून इकडे. मतं निम्मी निम्मी दिसत होती आणि शेठचं अजून कळत नव्हतं.

शेवटी शेठ उठले. माझ्याकडे बोट केलं. "हा दिवेवाला रोज शिडीवरून माझं डोकं खातो. माझी बायकोही आता त्याच्याच बाजूची. कारंजं राहिलं तर राहिलं. मला माझ्या झोपाळ्यावर सुखानं बसू द्या." आणि त्यांनी हात वर केला.

ठरलं. बंबाला वेगळी माणसं, पण एक वर्षापुरती. पुढचं पुढे बघू, असं अध्यक्ष म्हणाले. एक वर्ष तर एक वर्ष. वर्ष संपलं की परत विचारायला मला तोंड होतं.

बाहेर पायरीवर शेठनी गाठलं. "आता तरी गप्प बसशील ना?"

"तुमच्या दिव्याला आता दुसरा येईल, शेठ. मी बंबावर नाव देतोय."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. कचेरीत जाऊन शिडी जमा केली. तिनं काचा पुसायला ठेवलेल्या चिंध्यांचं गाठोडं तेवढं बरोबर घेतलं. बंबाच्या शेडचं दार उघडलं, नळी उलगडून तळ्यापर्यंत नेली, भिजवली, कुठे गळते ते हातानं चाचपत बघितलं. मग जमिनीवर बसलो, पितळी तोटीला चिंच लावली आणि तिच्या चिंधीनं घासायला लागलो.