अकरा एपिसोड झाले तरी कोणी जेवलं का विचारेना

माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात एक ड्रॉवर आहे, बंद पडलेल्या रिमोटांचा. फेकीन फेकीन म्हणतो, फेकवत नाही, आणि एक दिवस ड्रॉवर लागायचाच बंद होतो. आमच्या क्लासचे किस्से असेच साठलेत. क्लास म्हणजे काय, तर अमरावतीतल्या दहा बाय बाराच्या दुकानात, दुपारी दोन ते चार, मालिका बघून आयरिश भाषा शिकणारे आम्ही तिघं! हसा. सगळे हसले. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तिघं कोण ते सांगतो. विमलकाकू माझ्या दुकानाच्या पायरीशी फुलं विकतात. माहेर बार्शीटाकळीचं, शाळा चौथीपर्यंत, जीभ मात्र एम. ए. झालेली. देशमुख सर अकोल्यात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले, आता अमरावतीत मुलाकडे राहतात आणि दुपारभर सुनेच्या पायात येतात. तिसरा मी, प्रमोद.

काकूंची एकुलती एक मुलगी मंजू. नर्सिंग शिकली, आयर्लंडला गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि समुद्राकाठच्या त्याच्या गावात राहिली. त्या गावात घरोघरी अजून आयरिश बोलतात. दोन वर्षांपूर्वी मंजू गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. बत्तीस वर्षांची होती.

काकूंकडे पासपोर्ट नव्हता. जावयानं कळवलं, अंत्यविधी फोनवरून दाखवतो. मी म्हटलं, काकू, छोट्या फोनवर नको, माझ्या दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावून देतो. तीन मिनिटं दिसलं. चर्चचं दार, छत्र्या, लाकडाची पेटी. आणि लाइट गेली! इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी बदलायची म्हणून मी चार महिने उद्या-उद्या करत होतो. लाइट परत आली तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं.

काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

पुढे दर रविवारी साडेचारला काकूंच्या विहीणबाईंचा फोन यायला लागला. मंजूची सासू, नोरा. एकटीच राहते. व्हिडिओ कॉल. काकूंना मराठीशिवाय काही येत नाही, नोराबाई आयरिश बोलणार. इंग्रजी तिला येतं, पण काकूंना दोन्ही सारखंच, मग ती कशाला तोंड वाकडं करेल!

तर या दोघी करायच्या काय? भाज्या दाखवायच्या! नोराबाई बटाटा दाखवायची, काकू वांगं. ती कोबी, या मेथी. मग दोघी मिनिटभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि फोन ठेवायच्या.

एका रविवारी फोन ठेवून काकू माझ्या स्टुलावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "परमोद, मले तिची भाषा शिकाची हाय."

"काहून काकू? सर आहेत ना. इंग्रजीत विचारतील ते, काय विचारायचं ते."

"नाई. एकच गोष्ट इचाराची हाय. अन् ते भाड्याच्या तोंडानं इचारता येत नाई."

मग त्यांनी सांगितलं. मंजू गेली मंगळवारी आणि माती दिली गुरुवारी. आपल्याकडे सकाळचं माणूस संध्याकाळच्या आत नेतात. "दोन राती, बाप्पा! दोन राती कुठं ठेवली त्याईनं माह्या पोरीले? कोठं बंद करून ठेवली? तिच्यापाशी कोणी होतं का नोतं? लायनपनी लाइट गेली तं माह्या कुशीत घुसे ते. जवायाले इचारलं तं तो रडते अन् फोन ठेवते. मले झोप नाई लागत, परमोद."

दुसऱ्या दिवशी मी आधी बॅटरी बदलली. मग शोकेसमधला सगळ्यात मोठा टीव्ही भिंतीवर लावला.

* * *

पहिली मालिका मिळाली ती पोलिसांची. खाली इंग्रजी अक्षरं यायची, सर ती वाचून मराठीत सांगायचे. सरांचं मराठी असं की खुनीसुद्धा पूजापाठ करून आल्यासारखा वाटायचा. "हे नराधमा, तू गतरात्री कुठे होतास?" काकू ओरडायच्या, "सर, लवकर सांगा ना, तो पळून राहिला!"

पोलिसांच्या मालिकेतून पोलिसांचीच भाषा येणार. हे आम्हा तीन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही! महिनाभरानं काकूंनी मोठ्या ऐटीत नोराबाईला पहिलं वाक्य टाकलं, "का रेव तू अरेर?"

म्हणजे, काल रात्री तू कुठं होतीस?

तेही इन्स्पेक्टर विचारतो तसं, एक भुवई वर करून! नोराबाई आधी दचकली. मग जी हसत सुटली, तिचा चष्मा खाली पडला. मग डोळे पुसत तिनं काल रात्रीचा सगळा जबाब दिला. कळला कोणाला? कोणालाच नाही. पण त्या दिवशी भाज्या निघाल्या नाहीत.

* * *

काकूंची खरी तक्रार वेगळीच होती. "सर, 'जेवली का?' कसं म्हंतात थे सांगा. माणसानं माणसाशी बोलाचं तं तिथूनच सुरू होते ना."

सर म्हणाले, येईल, मालिकेतच येईल कुठंतरी. कसलं येतंय! अकरा एपिसोड झाले. खून झाले तीन, लग्न मोडलं एक, बोट बुडाली, पण कोणी कोणाला जेवलास का विचारेना! काकूंचा संताप झाला. "कसे लोक हाय हे! पोरगं दोन दिवस उपाशी फिरून राहिलं, अन् माय त्याले म्हंते, दार लाव!"

मी मालिका बदलली. दुसरी निघाली दोन भावांच्या शेताच्या भांडणाची. पहिल्याच एपिसोडात मोठा भाऊ धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हद्दीचा दगड सरकवतो. काकू ताठ बसल्या. "हे तं आमच्या बार्शीटाकळीचंच हाय! सर, तुमी नोका सांगू, मले समजते." आणि खरंच, त्या मालिकेत त्यांना सरांची गरज फार लागली नाही. कोण कोणावर डूख धरून आहे, ते त्या सरांच्या आधी सांगायच्या.

चौथ्या एपिसोडात धाकटा भाऊ पावसात भिजून घरी येतो. म्हातारी आई चुलीपाशी बसलेली. वर न बघता म्हणते, "अर इ तू?"

सर वाचणार, तेवढ्यात काकू उठून उभ्या. "हेच! हेच थे! जेवला का म्हंते ते!"

तेच होतं. अर इ तू. त्या रविवारी काकूंनी ते नोराबाईला विचारलं. नोराबाईनं ते काकूंना पुन्हा म्हणायला लावलं. तिला हे बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नसावं.

* * *

मधे काकू पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेल्या. तिथं जावेनं चारचौघींत काढलंच, "पोरगी गेली, आता तिकडची भाषा शिकून काय लोनचं घालाचं हाय?"

काकूंनी पदर सावरला आणि मालिकेतला इन्स्पेक्टर बेड्या घालताना बोलतो ते अख्खं वाक्य जावेला ऐकवलं. यापुढे तू जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाईल, वगैरे वगैरे.

जाऊ म्हणाली, "म्हंजे काय वं?"

"काई नाई. तुले आशीर्वाद देला."

हे सांगताना काकू आधी हसल्या. मग गजरा ओवता ओवता थांबल्या आणि म्हणाल्या, "तिचं तरी काय चुकलं, परमोद. शिकून काय पोरगी येते का वापस." मी उगाच एका चांगल्या टीव्हीचं मागचं झाकण उघडून बसलो.

* * *

सरांचा एक विद्यार्थी सेमाडोहला जंगल बघायला येणाऱ्यांची जेवणाखाण्याची सोय करतो. त्याचा फोन आला, "सर, आयर्लंडचं जोडपं आलंय!" झालं! काकूंनी दोन हार केले, मी दुकान बंद केलं, सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही एसटीनं मेळघाट चढलो.

जोडपं गोड होतं. काकूंनी हार घातले, नमस्कार केला, आणि सुरू! प्रवास कसा झाला, जेवलात का, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. एवढं मोठं आयरिश मी काकूंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाईचे कान लाल झाले. तिनं सरांना इंग्रजीत सांगितलं, आम्ही शहरातले, शाळेत बारा वर्षं आयरिश शिकलो, पण आम्हाला ती बोलता येत नाही.

नवरा बिचारा खूप आठवून आठवून एक वाक्य म्हणाला. शाळेतलं एवढं एकच वाक्य त्याच्या लक्षात राहिलं होतं. ते ऐकल्याबरोबर काकूंनी त्याचा हात धरला, अंगण ओलांडून मागे नेलं आणि संडासाचं दार उघडून दिलं!

"मी लघवीला जाऊ का?" शाळेत बाईंना विचारायचं, तेच ते वाक्य. पोलिसांच्या मालिकेतला कैदीही ते रोज म्हणायचा, म्हणून काकूंना पाठ.

आम्ही परतीच्या एसटीत परतवाड्यापर्यंत हसत होतो. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौतीस वर्षं शिकवलं मी. माझ्या पोरांनाही एवढंच आठवत असेल."

* * *

भावांच्या मालिकेत शेवटी शेवटी ती म्हातारी आई मरते. मला आधी माहीत असतं तर मी तो भाग लावला नसता. लागला.

तिला दवाखान्यातून घरी आणतात. तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर निजवतात. खिडकी उघडतात. मग गाव येतं. चहा होतो, सँडविच होतात, कोणी रडतं, कोणी तिचे जुने किस्से सांगून हसवतंसुद्धा. आणि पलंगाशेजारी एक खुर्ची. एक जण उठला की दुसरा बसतो. रात्र जाते, दिवस जातो, पुन्हा रात्र येते, पण ती खुर्ची रिकामी होत नाही. सर अडखळत म्हणाले, "इथे म्हणतात की, मृताला एकटं ठेवायचं नसतं."

"पुन्हा लाव," काकू म्हणाल्या.

चार वेळा लावलं. चौथ्यांदा सर वाचायचे थांबले, त्यांना चष्मा पुसायचा होता.

काकू म्हणाल्या, "परमोद, हे खरं असन का गा? का मालिकेत दाखवाचं म्हनून दाखवतात?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. आणि काहीतरी बरं वाटेल असं बोलून मोकळं व्हावं, एवढी काकूंसमोर माझी हिंमत नव्हती.

"मंग आता इचारतेच," त्या म्हणाल्या.

* * *

रविवारी सरांनी कागदावर देवनागरीत अख्खा प्रश्न लिहून आणला होता. काकूंनी तो घडी करून फुलांच्या टोपलीत ठेवला. "लागला तं घेते."

साडेचारला फोन आला. या वेळी मोठ्या टीव्हीवर. मी सकाळपासून दोनदा इन्व्हर्टर तपासला होता. नोराबाई आली, हातात गाजर होतं. काकूंनी वांगं दाखवलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "अन ईहा शिन, का रेव तू?"

त्या रात्री तू कुठं होतीस?

इन्स्पेक्टरचंच वाक्य. पण भुवई खाली होती.

नोराबाईच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं. 'मंजू?' असं तिनं नुसतं ओठांनी विचारलं. काकूंनी मान डोलावली.

तिनं गाजर खाली ठेवलं. फोन घेऊन ती उठली. पडद्यावरचं चित्र हलायला लागलं. लाकडी जिना दिसला, एक दार, एक खोली. निळ्या चादरीचा पलंग. खिडकी, खिडकीत समुद्र. भिंतीला मंजूचा नर्सच्या कपड्यातला फोटो, आणि त्याला सुकलेला गजरा. काकूंनी तो लग्नाच्या वेळी पार्सलनं पाठवला होता.

मग नोराबाईनं फोन उशीवर ठेवला.

आम्हाला छत दिसलं. कुठंतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग वरून नोराबाईचा चेहरा पडद्यावर आला, अगदी जवळ, आमच्याकडे वाकून बघणारा. भिंतीवरच्या त्या मोठ्या टीव्हीत तेवढा एकच चेहरा. तिनं हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

काकू बघत राहिल्या. "दोन राती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाहेर पायरीशी कोणी हार मागत होतं, मी हातानंच नाही म्हटलं. सरांनी टोपलीतला कागद काढला, तसाच परत ठेवला.

मग काकू पुढे झाल्या, पडद्याला हात लावला आणि विचारलं, "अर इ तू?"

नोराबाईनं मान हलवली. नाही.

"मीबी नोती जेवली वं," काकू म्हणाल्या.